फुटलेलं अपेंडिक्स: पू कसा पाठवायचा, अँटिबायोटिक कसं निवडायचं, कधी थांबवायचं

रात्रीचे दोन. पोट उघडलं आणि नाकाला झोंबणारा वास आला. अपेंडिक्सच्या मुळाशी भोक, शेजारी मळाचा खडा, पेल्व्हिसमध्ये वाटीभर पू. सिस्टर विचारतात, "सर, कल्चरला पाठवायचं का?" म्हणजे लॅबमध्ये पुवातले जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायचं का. उत्तर ठरलेलं असतं: "हो, स्वॅब घ्या." कापसाची काडी पुवात बुडते, ट्यूबमध्ये जाते, रात्रभर टेबलावर पडून राहते. चौथ्या दिवशी रिपोर्ट येतो, तेव्हा पेशंट घरी जायच्या तयारीत असतो आणि कागद केसपेपरला टाचला जातो. कुणी वाचत नाही. कधी कधी वाचतात, आणि ते त्याहून वाईट ठरतं. ठणठणीत बसून चहा पिणाऱ्या मुलाचं इंजेक्शन "रेझिस्टंट" शब्द पाहून बदललं जातं आणि मुक्काम आठवड्याने वाढतो.

हा लेख रजिस्ट्रार, ड्युटी डॉक्टर आणि तालुक्याच्या गावी एकट्याने ऑपरेशनं करणाऱ्या सर्जन मंडळींसाठी आहे. कल्चर पाठवू नका, असं मी म्हणत नाही. उलट आपल्याकडे ते पाठवलंच पाहिजे. पण नीट पाठवा आणि रिपोर्ट पेशंटच्या खाटेशी उभं राहून वाचा. खाली दिलेल्या मात्रा प्रौढांच्या आहेत, किडनी ठीक असलेल्यांच्या. नातेवाईकांसाठीही शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी समजून घ्या: पोटात काय सांडलंय

फुटलेल्या अपेंडिक्सचा पू एका जंतूचा कधीच नसतो. प्रयोगशाळेने मन लावून शोधलं तर एका नमुन्यात दहाच्या आसपास प्रकारचे जंतू सापडतात. ढोबळमानाने दोन टोळ्या. पहिली प्राणवायूत वाढणाऱ्यांची: ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस गटातले जंतू, कधी स्यूडोमोनास, कधी एन्टरोकॉकस. दुसरी प्राणवायू न सोसणाऱ्यांची, म्हणजे अनेरोब्जची: मुख्य बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस, जोडीला पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस, बिलोफिला वगैरे. पुवाचा तो वास या दुसऱ्या टोळीचा.

दोन्ही टोळ्यांवर एकदम औषध का लागतं, हे १९७०च्या दशकातल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी फार स्वच्छ दाखवलं. उंदरांच्या पोटात आतड्यातला मळ कॅप्सूलमधून ठेवला. सुरुवातीला पुष्कळ उंदीर रक्तात ई. कोलाय पसरून मेले, आणि जे वाचले त्यांच्या पोटात पुढे गळवं झाली. नुसतं जेंटामायसिन दिलं तर मृत्यू कमी झाले, गळवं मात्र झालीच. नुसतं क्लिंडामायसिन दिलं तर गळवं थांबली, पण मृत्यू होत राहिले. दोन्ही दिल्यावर उंदीर वाचलेही आणि गळवंही टळली. वॉर्डात मेट्रोनिडाझोल विसरलेल्या पेशंटला सातव्या दिवशी पेल्व्हिसमध्ये गळू झालेलं दिसतं, तेव्हा मला हे उंदीर आठवतात.

पहिली पायरी: निदान झालं की डोस

अपेंडिक्स फुटल्याचा संशय पक्का झाला की पहिला डोस तिथेच, कॅज्युअल्टीत. "पू हाती आल्यावर कल्चर घेऊ, मग औषध सुरू करू" हा विचार करू नका. एका डोसाने पुवातले जंतू नाहीसे होत नाहीत, कल्चर उगवतंच.

पेशंट सेप्सिसमध्ये असेल (बीपी खाली, श्वास जलद, लघवी कमी, बोलण्यात गोंधळ) तर औषधाआधी ब्लड कल्चरचे दोन सेट दोन वेगळ्या शिरांतून घ्या, दर बाटलीत आठ ते दहा मिलिलीटर, आणि तासाच्या आत अँटिबायोटिक पोटात नव्हे, शिरेत गेलेलं असू द्या. स्थिर पेशंटला ब्लड कल्चरची गरज नसते. हाती काही लागत नाही.

कॅज्युअल्टीतला डोस आणि चिरा यात चार-सहा तास गेले असतील तर भूल देताना पुन्हा डोस द्यायचा की नाही हे औषधावर ठरतं. सेफ्ट्रिअॅक्सोन दिवसभर टिकतं. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम लवकर उतरतं, ते पुन्हा द्या.

दुसरी पायरी: सुरुवातीचं औषध

इथे दोन प्रश्न विचारायचे. पेशंट किती आजारी आहे? आणि औषधाला दाद न देणारे जंतू त्याच्या आतड्यात असण्याची शक्यता किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात मिळतं: गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, रुग्णालयात भरती होता का, आधी कधी लघवीच्या किंवा जखमेच्या कल्चरमध्ये ईएसबीएल जंतू (सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी औषधं मोडणारं एन्झाइम बनवणारा) आला होता का. आपल्याकडे हा इतिहास काढायला वेळ लागतो. "नाही हो, काही औषध नाही" म्हणणाऱ्या पेशंटच्या खिशात कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली सेफिक्झिमची पट्टी सापडते. गेल्या चार दिवसांत पोटदुखीवर काय काय घेतलं, हे गोळ्यांची पाकिटं मागवूनच बघा.

घरून आलेला, तरुण, स्थिर, जुनी अँटिबायोटिक्स नसलेला पेशंट: सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम दिवसातून एकदा आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. साधी, स्वस्त, जुनी जोडी. पण भारतात तिला मर्यादा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी जाळ्यात ई. कोलायपैकी इमिपेनेम या राखीव औषधाला दाद देणारे २०१७ साली सुमारे ८१ टक्के होते, ते २०२३ मध्ये सुमारे ६३ टक्क्यांवर आले. सेफ्ट्रिअॅक्सोनच्या वर्गाची स्थिती त्याहून कितीतरी वाईट. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतल्या, आधीच बरीच औषधं पचवलेल्या पेशंटचे आहेत. गावातून थेट आलेल्या विशीतल्या मुलाचे जंतू इतके बिघडलेले असतीलच असं नाही. म्हणून स्वतःच्या रुग्णालयाचे आकडे लागतात. त्याबद्दल पुढे.

अमेरिकेतल्या संसर्गरोग संघटनेच्या २०१० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक वाक्य आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: नेहमीचं औषध तुमच्या भागातल्या ई. कोलायपैकी १० ते २० टक्क्यांवर चालत नसेल, तर फुटलेल्या अपेंडिक्समध्ये प्रत्येकाचं कल्चर घ्या. आपण ती रेषा केव्हाच ओलांडली आहे. त्यामुळे "सोप्या केसमध्ये कल्चर ऐच्छिक" हे पाश्चात्त्य पुस्तकातलं वाक्य महाराष्ट्रात जसंच्या तसं वापरू नका.

आजारी पेशंट, वयस्कर, मधुमेही, किंवा वरच्या इतिहासातलं काही असलेला: पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, किंवा आधी ईएसबीएल आलेला असेल तर अर्टापेनेम १ ग्रॅम दिवसातून एकदा. अर्टापेनेम स्यूडोमोनासवर आणि एन्टरोकॉकसवर चालत नाही. घरून आलेल्या पेशंटमध्ये त्या दोघांवर औषध देण्याची गरजही नसते. मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी हे सेप्टिक शॉकमधल्या किंवा रुग्णालयात असतानाच संसर्ग झालेल्या पेशंटसाठी राखून ठेवा.

अमिकासिनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते जवळजवळ प्रत्येक चार्टवर असतं. सेफ्ट्रिअॅक्सोनच्या जोडीला पहिले दोन-तीन दिवस १५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, दिवसातून एकदा दिलं तर ईएसबीएल ई. कोलायवर आधार मिळतो. पण आम्लयुक्त, प्राणवायू नसलेल्या पुवात ते निकामी होतं, अनेरोब्जवर चालतच नाही, आणि उलट्या-जुलाबाने सुकलेल्या पेशंटची किडनी त्याने बिघडते. पाणी भरून निघालं, लघवी नीट होतेय, क्रिएटिनिन पाहिलं, मगच.

आता मला मनापासून खटकणारी गोष्ट. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम चालू असताना मेट्रोनिडाझोलची बाटली लटकलेली. दोन्ही औषधं बॅक्टेरॉइड्सवर स्वतःच उत्तम चालतात. वरून मेट्रो देऊन पेशंटला फक्त मळमळ, तोंडाची कडवट चव आणि दिवसाला तीन बाटल्यांचं बिल मिळतं. सेफ्ट्रिअॅक्सोनबरोबर मेट्रो हवंच, या दोघांबरोबर नको. उलट क्लिंडामायसिनवर अनेरोब्जसाठी आता भरवसा ठेवू नका. बॅक्टेरॉइड्स त्याला बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत.

एक छोटी सूचना सिस्टरांनाही सांगा: सेफ्ट्रिअॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून एकाच वेळी सोडू नका, त्यातल्या कॅल्शियमशी मिळून साका धरतो. मध्ये नॉर्मल सलाईनने नळी धुवा.

तिसरी पायरी: पू नीट पाठवणं

इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील. स्वॅब नको. कापसाला थेंबभर पू लागतो, तो वाळतो, आणि हवा लागून अनेरोब्ज मरतात. पोट उघडल्यावर, सलाईनने काही धुण्याआधी, सिरिंजने पू खेचा. कमीत कमी एक मिलिलीटर, जमेल तितका जास्त. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सक्शनच्या मार्गात म्यूकस ट्रॅप (पू साठवणारी छोटी बाटली) जोडला की काम सोपं होतं. पू घट्ट असेल, येत नसेल, तर गळवाच्या भिंतीचा छोटा तुकडा पाठवा.

सिरिंजमधली हवा बाहेर काढा, सुई काढून टोपण घट्ट लावा. अनेरोब्ज जगवणाऱ्या रॉबर्टसनच्या कुक्ड मीट माध्यमाची बाटली असेल तर थोडा पू त्यात तळाशी सोडा. रात्री लॅब बंद असेल तर माझा आवडता उपाय म्हणजे ब्लड कल्चरच्या बाटल्या. बुच स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं आणि एक-दोन मिलिलीटर एरोबिक बाटलीत, तितकाच अनेरोबिक बाटलीत. बाटलीवर "पेरिटोनियल पू" असं ठळक लिहा, नाहीतर रक्त समजून रिपोर्ट निघतो. नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने अनेरोब्ज दगावतात. साधारण तपमानाला ठेवा आणि सकाळी पहिल्या माणसाबरोबर पाठवा.

फॉर्मवर जागा, वेळ आणि आधी दिलेली औषधं लिहा. "पस फॉर सी/एस" एवढंच लिहिलेल्या फॉर्मवर मायक्रोबायोलॉजिस्ट तरी काय विचार करणार? शक्य असेल तर फोन करा. फुटलेल्या अपेंडिक्सचा पू आहे हे कळलं की ते ग्रॅम स्टेन (रंगवलेले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) वेगळ्या नजरेने बघतात.

आणि अपेंडिक्स हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवायचंच, कितीही कुजलेलं असलं तरी. आपल्या भागात त्यात क्षय निघतो, कधी कॅन्सर निघतो, आणि अँटिबायोटिकने बरं न होणाऱ्या पोटाचं उत्तर त्या रिपोर्टात असतं.

चौथी पायरी: रिपोर्ट वाचणं

साधारण दुसऱ्या दिवशी जंतूचं नाव, तिसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालतं), आणि अनेरोबिक कल्चर लागलंच तर आठवडा. म्हणजे बऱ्याच पेशंटचा कोर्स रिपोर्ट येईपर्यंत संपतच आलेला असतो. मग कल्चर कशासाठी? जो पेशंट पाचव्या दिवशी फणफणतो त्याच्यासाठी, आणि पुढच्या वर्षीच्या तुमच्या औषधनिवडीसाठी.

रिपोर्ट उघडण्याआधी पेशंटकडे जा. ताप? नाडी? पोट मऊ आहे का? गॅस सरकला का? जेवतोय का? ही उत्तरं चांगली असतील तर रिपोर्टमध्ये "सेफ्ट्रिअॅक्सोन रेझिस्टंट" असलं तरी औषध वाढवू नका. भोक बंद झालंय, पू निघालाय, शरीराने बाकीचं केलंय. उरलेला दिवस पूर्ण करून थांबवा. हीच उत्तरं वाईट असतील तर मात्र रिपोर्ट सोन्यासारखा. ईएसबीएल ई. कोलाय उगवला आणि पेशंट अजून आजारी आहे, तर कार्बापेनेमवर (अर्टापेनेम, मेरोपेनेम) जा. रक्तात सेफ्ट्रिअॅक्सोनला दाद न देणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला असलेल्या पेशंटवर २०१८ साली एक मोठी चाचणी झाली; पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांत तीस दिवसांत १२.३ टक्के दगावले, मेरोपेनेम दिलेल्यांत ३.७ टक्के. ती चाचणी रक्तातल्या संसर्गाची होती, पण "रिपोर्टमध्ये पिपटॅझ सेन्सिटिव्ह लिहिलंय ना" म्हणून गंभीर पेशंटला त्यावरच ठेवताना ती आठवावी.

रिपोर्टात फक्त ई. कोलाय आला म्हणून मेट्रोनिडाझोल बंद करू नका. अनेरोब्ज तिथे होतेच. त्यांना उगवायला आपण संधी दिली नाही किंवा लॅबने ते लावलंच नाही. मी शिकत असताना याच कारणाने एका मुलीचं मेट्रो बंद झालं आणि तिला डग्लसच्या पोकळीत (पेल्व्हिसच्या तळाशी) गळू होऊन परत यावं लागलं. तो केसपेपर मी अजून विसरलेलो नाही. "नो ग्रोथ" म्हणजेही जंतू नव्हते असं नाही. वास येणारा पू आणि कल्चर निरंक, हे अनेरोब्जचंच लक्षण समजा.

स्यूडोमोनास आला आणि पेशंट छान आहे? काही करू नका. एन्टरोकॉकस घरून आलेल्या, धडधाकट पेशंटमध्ये आला? त्यासाठी व्हॅन्कोमायसिन सुरू करू नका. अतिदक्षता विभागात असलेला, पुन्हा ऑपरेशन झालेला किंवा हृदयात कृत्रिम झडप असलेला पेशंट असेल तर गोष्ट वेगळी. रिपोर्टच्या तळाशी कोलिस्टिन, टिगेसायक्लिन समोर "एस" (सेन्सिटिव्ह) दिसतो, तो तुम्हाला दिलेला सल्ला नव्हे. यादीत वरून खाली जाताना जे सर्वांत साधं औषध पोटात पोहोचतं आणि चालतं, तिथे थांबा.

पाचवी पायरी: किती दिवस

मोजणी ऑपरेशनच्या दिवसापासून, भरती झाल्यापासून नाही. पोटातला स्रोत नीट काबूत आला असेल तर चार दिवस. २०१५ साली ५१८ रुग्णांवर झालेल्या अमेरिकी-कॅनडियन चाचणीत चार दिवसांचा कोर्स आणि ताप आणि पांढऱ्या पेशी उतरून दोन दिवस होईपर्यंतचा, सरासरी आठ दिवसांचा कोर्स यांची तुलना झाली. गुंतागुंत दोन्हीकडे बावीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सारखीच. त्यात अपेंडिक्सचे रुग्ण कमीच होते. खास गुंतागुंतीच्या अपेंडिक्सवरची चाचणी नेदरलँड्समधल्या १५ रुग्णालयांत झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली: हजारावर रुग्ण, शिरेतून दोन दिवस विरुद्ध पाच दिवस. गुंतागुंत १० आणि ८ टक्के, ठरवलेल्या मर्यादेत समसमान. दोन दिवसवाल्यांत पुन्हा भरती व्हावं लागण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, १२ विरुद्ध ६ टक्के. ती जवळजवळ सगळी ऑपरेशनं दुर्बिणीची होती. माझं मत: उशिरा आलेला, पोटभर पू असलेला आपला पेशंट आणि चाळीस किलोमीटर लांबचं गाव, अशा वेळी दोन दिवसांवर उतरायची घाई नको. चार दिवस पुरेत. दहा दिवस कुणालाच नको.

स्रोत काबूत आणणं म्हणजे काय, याची एक ऐतिहासिक आठवण. २४ जून १९०२ रोजी फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधी इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या अपेंडिक्सचं गळू कापून पू वाहू दिला. अँटिबायोटिक नावाची गोष्टच तेव्हा नव्हती. ९ ऑगस्टला राजाचा अभिषेक झाला.

घरी जाताना गोळ्यांची चिठ्ठी सवयीने लिहू नका. चार दिवस शिरेतून झाले असतील तर गोळ्या लागत नाहीत. लवकर घरी सोडायचं असेल आणि कोर्स पूर्ण करायचा असेल तरच, आणि कल्चर पाहूनच: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, किंवा जंतू दाद देत असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल, दोन्हींबरोबर मेट्रो. सिप्रोला दाद देणारे ई. कोलाय आपल्याकडे आता कमी उरलेत, ते डोळे मिटून देऊ नका.

पाचव्या दिवशी ताप असेल तर

औषध बदलण्याआधी पोटात बघा. ताप, पुन्हा फुगलेलं पोट, चिकट जुलाब आणि गुदमार्गे तपासताना दुखणं म्हणजे पेल्व्हिसमध्ये गळू असण्याची दाट शक्यता. सोनोग्राफी, शक्य असेल तर सीटी. तीन सेंटिमीटरहून लहान असेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकवर विरतं. मोठं असेल तर सोनोग्राफीच्या मदतीने सुई किंवा नळी टाकून पू काढा, आणि हा पू पुन्हा कल्चरला. पहिल्यापेक्षा या दुसऱ्या कल्चरला जास्त महत्त्व द्या, कारण चार दिवसांच्या औषधातून तगलेले जंतू यात आहेत. पोट साफ निघालं तर जखम, सलाईनची जागा, छाती, लघवी बघा. "मेरो लावून बघू" हा निदानाचा मार्ग नाही.

वेगळे पेशंट

लहान मुलांमध्ये फुटण्याचं प्रमाण जास्त, पण तत्त्व तेच: सेफ्ट्रिअॅक्सोन ५० ते ७५ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिवसातून एकदा (जास्तीत जास्त २ ग्रॅम) आणि मेट्रोनिडाझोल. अँपिसिलिन-जेंटामायसिन-क्लिंडामायसिन ही जुनी तिकडी आता सोडा. गरोदर बाईला सिप्रो आणि अमिकासिन टाळा. सेफ्ट्रिअॅक्सोन-मेट्रो किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम चालतं. गोळा धरून आलेल्या, स्थिर पेशंटला आपण ऑपरेशन न करता औषधावर ठेवतो. तिथे स्रोत काढलेला नसतो, म्हणून चार दिवसांचा नियम लागू नाही, आणि मोठं गळू असेल तर नळी टाकून पू घ्यायचा. अशा पेशंटचं वय चाळीसच्या पुढे असेल तर नंतर कोलोनोस्कोपी आणि अपेंडिक्स काढणं चुकवू नका. फिनलंडमधली अशा रुग्णांची चाचणी अपेंडिक्समध्ये इतक्या गाठी निघाल्या म्हणून मध्येच थांबवावी लागली, आणि त्या साऱ्या चाळिशी ओलांडलेल्यांत होत्या.

रुग्णालयाची स्वतःची वही

महागडं सॉफ्टवेअर नको. एक वही किंवा एक्सेलचा तक्ता: तारीख, वय, घरून आला की रुग्णालयातून, जंतू, कोणत्या औषधांना दाद देतो. एका पेशंटचा पहिलाच नमुना मोजा, तीसेक ई. कोलाय जमले की टक्केवारी काढा. लहान रुग्णालयाला एकट्याने तीस जमायला वेळ लागेल; तालुक्यातल्या तीन-चार सर्जननी एकाच लॅबकडे नमुने पाठवायचं ठरवलं तर वर्षभरात होतं. दोन औषधांत निवड करताना हा तक्ता परदेशी पुस्तकापेक्षा जास्त कामाला येतो. ओटीच्या दारावर लावा.

नातेवाईकांसाठी

अपेंडिक्स फुटलं नसेल तर काही पेशंट नुसत्या औषधावर बरे होतात, हे खरं आहे. फुटलेल्याला ते सहसा लागू नाही, तिथे बहुतेक वेळा पू काढावा लागतो. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पू तपासणीला पाठवला का, अँटिबायोटिक कोणत्या तारखेपर्यंत चालणार, आणि घरी गेल्यावर कोणत्या लक्षणाला परत यायचं. घरी ताप परतला, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या तर वाट न बघता परत या. आणि तो कल्चरचा कागद टाकू नका. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही पाठवा. पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला किंवा दुसरं ऑपरेशन ठरलं, तर समोरच्या डॉक्टरला आधी तो दाखवा.